‘मला कमी लेखलं’ हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

मराठीत ‘कमी लेखणे’ हे एकच क्रियापद आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. साहेबांना तुमची कुवत ओळखता आली नाही, तरी त्यांनी ‘कमी लेखलं’. नातेवाइकांनी तुमच्या परिस्थितीकडे पाहून नाक मुरडलं, तरी ‘कमी लेखलं’. भर मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ‘यात काय मोठंसं, हे कुणीही केलं असतं’, तरीही ‘कमी लेखलं’च. इंग्रजीत या तीन प्रसंगांना तीन वेगळी क्रियापदं लागतात. ‘माय मॅनेजर अंडरएस्टिमेटेड मी’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की साहेबांचा अंदाज चुकला. तुमचा अपमान झाला, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी ईमेल, अर्ज किंवा तक्रारी लिहाव्या लागणाऱ्यांसाठी, आणि परदेशात नव्याने शिकायला-नोकरीला गेलेल्यांसाठी या पायऱ्या आहेत. एका बैठकीत सगळं पाठ करू नका. दोन-दोन पायऱ्या घ्या.

जवळ काय ठेवायचं

- विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात शब्दापुढे ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’ अशा खुणा असतात. अर्थाच्या आधी त्या खुणा वाचा.
- एक वही, चार रकाने आखलेली: क्रियापद, कर्म कोण किंवा काय, सोबतचं शब्दयोगी, आणि स्वतः रचलेलं एक वाक्य.
- उच्चार ऐकायला कोशातलं स्पीकरचं चिन्ह. स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका.

समानार्थी शब्दांचा कोश मात्र सुरुवातीला बाजूला ठेवा. रॉजेटचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ साली निघाला तो शब्द ठाऊक असलेल्या, पण ऐन वेळी न आठवणाऱ्या लेखकांसाठी. नवख्याला तो वीस शब्द एका ओळीत देतो आणि त्यांतला फरक सांगत नाही. बऱ्याच चुका तिथूनच येतात.

१. आधी घटना मराठीत नेमकी करा

इंग्रजी शब्द शोधण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

- लहान कोणाला केलं: माणसाला, त्याच्या कामाला, त्याच्या लौकिकाला, की त्याच्या दुःखाला?
- तोंडावर केलं की पाठीमागे?
- शब्दांनी केलं, हसून केलं, की नुसत्या नजरेने आणि अबोल्याने?
- ऐकायला चारचौघं होती का?

मराठीत या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पाणउतारा चारचौघांत होतो, नालस्ती पाठीमागे, टिंगल हसून आणि हेटाळणी तुच्छतेने. ‘कमी लेखलं’ ऐवजी आधी यांपैकी योग्य मराठी शब्द निवडा. इंग्रजी क्रियापद निम्मं तिथेच सापडतं.

२. पहिली तीन क्रियापदं पक्की करा

‘अंडरएस्टिमेट’ म्हणजे अंदाजात कमी धरणं. यात वाईट हेतू नसतो. खर्च, पाऊस, प्रतिस्पर्धी, परीक्षेला लागणारा वेळ, काहीही अंडरएस्टिमेट करता येतं.

‘लुक डाउन ऑन’ म्हणजे स्वतःला वरचढ समजून दुसऱ्याला तुच्छ लेखणं. ही मनातली वृत्ती आहे. तोंडाने एक शब्दही न काढता माणूस हे करू शकतो. ‘दे लुक डाउन ऑन पीपल हू डोंट स्पीक इंग्लिश’, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यांना ते हलकं समजतात.

‘बिलिटल’ म्हणजे बोलून किंवा वागून समोरच्याचं मोल उणं करणं. इथे कृती लागते. कर्म माणूसही असतो आणि त्याचं कामही: ‘ही बिलिटल्ड माय वर्क इन फ्रंट ऑफ द टीम’. उच्चारात जोर मधल्या ‘लि’वर.

या शब्दाची जन्मकथा लक्षात ठेवली तर अर्थ सहसा विसरत नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांचं म्हणणं होतं की अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा लहान आणि दुबळे असतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनिया या आपल्या राज्यावरच्या पुस्तकात या मताचा समाचार घेताना ‘बिलिटल’ हा शब्द वापरला. ‘लिटल’ म्हणजे लहान, त्याला पुढे ‘बि’ जोडून ‘लहान करणं’. पुस्तक इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर १७८७ साली लंडनच्या एका मासिकाने ‘हा कसला शब्द’ म्हणून त्यावर टीका केली. शब्द मात्र टिकला, आणि आज तो ब्रिटिश माणूसही सहज वापरतो.

३. तोंडावर झालेला अपमान: तीव्रतेची पायरी ओळखा

सर्वांत रोजचा शब्द ‘पुट डाउन’. एखाद्या शेऱ्याने समोरच्याला खाली पाडणं. घरी, कॉलेजात, मित्रांत हाच वापरतात: ‘स्टॉप पुटिंग युवरसेल्फ डाउन’, म्हणजे स्वतःला सारखं नावं ठेवणं बंद कर. औपचारिक पत्रात तो थोडा सैल वाटतो. तिथे ‘बिलिटल’ किंवा ‘डिमीन’ घ्या.

‘इन्सल्ट’ आपल्याकडे मराठीतच मिसळलाय, म्हणूनच त्यात चूक होते. ‘माझा इन्सल्ट केला’ याचं शब्दशः ‘ही डिड माय इन्सल्ट’ होत नाही. ‘ही इन्सल्टेड मी’ एवढंच. आणि उच्चार: नाम असेल तर जोर पहिल्या ‘इन’वर, क्रियापद असेल तर ‘सल्ट’वर.

‘डिमीन’ म्हणजे माणसाची प्रतिष्ठा खाली आणणं. यातला ‘मीन’ म्हणजे हलका, नीच. शेरा, जाहिरात, वागणूक, एखाद्याला दिलेलं काम, हे सगळं ‘डिमीनिंग’ असू शकतं. ‘आय वोंट डिमीन मायसेल्फ बाय रिप्लायिंग’ हे वाक्य आपल्या ‘मी त्याच्या तोंडी लागणार नाही’ याच्या फार जवळ जातं.

‘ह्युमिलिएट’ सर्वांत जड. मान खाली जावी, लाजेने जमिनीत शिरावंसं वाटावं, अशी अवस्था. मुळातला लॅटिन शब्दही जमिनीचाच आहे: ‘ह्युमस’ म्हणजे माती. बहुतेक वेळा पाहणारे लोक असतात, म्हणून ‘पाणउतारा’ हा याचा खरा जोडीदार. क्षुल्लक गोष्टीला हा शब्द लावू नका. कुणी तुमच्या ईमेलला उत्तर दिलं नाही म्हणून ‘आय वॉज ह्युमिलिएटेड’ लिहिलंत, तर पुढे खरंच काही घडेल तेव्हा शब्द उरणार नाही.

इथे एक सापळा. ‘हम्बल्ड’ त्याच मुळातून आलेला असला तरी अर्थ निराळा. पुरस्कार स्वीकारताना लोक ‘आय ॲम हम्बल्ड’ म्हणतात, म्हणजे हा मान मिळाल्याने मी नम्र झालो. अपमान सांगताना तो वापरू नका.

४. गोड बोलून लहान करणं

हा भाग शांतपणे वाचा, कारण परदेशी ऑफिसांत आणि विद्यापीठांत याच प्रकाराशी सर्वाधिक गाठ पडते. आवाज चढलेला नसतो, शिवी नसते, उलट चेहऱ्यावर हसू असतं. तरी आपल्याला खुजं केल्याचं जाणवतं.

‘पेट्रनाइझ’ म्हणजे मोठेपणा मिरवत, मदतीचा आव आणून, समोरच्याला कळत नाही असं धरून वागणं. ‘तुमचं इंग्रजी छान आहे हं, तुमच्या मानाने’, हा पेट्रनाइझिंग शेरा. ब्रिटनमध्ये सुरुवातीला ‘पॅ’ ऐकू येतो, अमेरिकेत ‘पे’. याचा दुसरा अर्थही जिवंत आहे: एखाद्या दुकानाचं नियमित गिऱ्हाईक असणं. ‘वी पेट्रनाइझ लोकल शॉप्स’ यात कुणाचाही अपमान नाही.

‘टॉक डाउन टु’ म्हणजे लहान मुलाला समजवावं तशा सुरात बोलणं. हा बोलण्यापुरताच. मुद्दाम सावकाश उच्चार, सोपे-सोपे शब्द, आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगणं. पुरुषाने बाईला तिच्याच विषयात असं शिकवू लागणं, याला गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘मॅन्सप्लेन’ हा वेगळा शब्द रूढ झाला. बोलण्यात चालतो, औपचारिक तक्रारीत टाळा.

‘कंडिसेंड’चा मूळ अर्थ खाली उतरणं. अठराव्या शतकात हे कौतुक होतं: मोठा माणूस आपला दर्जा विसरून गरिबाशी प्रेमाने बोलला, तर त्याला असं म्हणत. माणसं समान मानली जाऊ लागली तसा शब्दाचा वास बदलला. ‘तू खाली उतरलास म्हणजे तू वर होतास असं तुला वाटत होतं’, हा अर्थ आज त्यात शिल्लक आहे. क्रियापद म्हणून तो कमीच दिसतो. ‘कंडिसेंडिंग टोन’ असं विशेषण वापरा. ‘ही कंडिसेंडेड मी’ हे वाक्य चूक, कारण या क्रियापदाला थेट कर्म लागत नाही.

५. पाठीमागची नालस्ती

‘रन डाउन’ म्हणजे नावं ठेवत सुटणं. घरगुती शब्द. पण सावधान: ‘ही रॅन मी डाउन’ याचा पहिला अर्थ ‘त्याने मला गाडीखाली घातलं’ असाच घेतला जातो. कर्म काम, गाव, स्वयंपाक असं काही असेल तर गोंधळ होत नाही.

‘बॅड-माउथ’ अनौपचारिक, अमेरिकेकडचा. कुचाळक्या करणं.

‘डिस्पॅरिज’ त्याचाच औपचारिक भाऊ, शेवट ‘रिज’, ‘रेज’ नाही. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ होता आपल्यापेक्षा खालच्या घराण्यात लग्न लावून देणं. ‘तोलामोलाचं स्थळ’ हा शब्दप्रयोग कानावर पडत मोठं झालेल्या मराठी माणसाला ही व्युत्पत्ती वेगळी समजवावी लागत नाही. आज तो कायद्याच्या भाषेत वारंवार भेटतो. परदेशी कंपन्यांच्या नोकरी सोडतानाच्या करारात ‘नॉन-डिस्पॅरिजमेंट’चं कलम असतं: कंपनीबद्दल जाहीरपणे वाईट बोलणार नाही, अशी हमी. सही करण्यापूर्वी ते शोधून वाचा. भारतातही प्रतिस्पर्ध्याच्या मालाला जाहिरातीत हीन ठरवल्याचे खटले याच शब्दाखाली चालतात.

‘डेनिग्रेट’ म्हणजे लौकिकाला काळिमा फासणं. लॅटिन मूळ अगदी तेच सांगतं, काळं करणं. काळा रंग म्हणजे वाईट, हे गृहीत त्यात असल्यामुळे काही जण हा शब्द वापरत नाहीत. ‘डिस्पॅरिज’ने काम भागतं, मग तोच घेतलेला बरा.

‘क्रिटिसाइझ’ला या रांगेत बसवू नका. टीका कामावर असते, कारणासकट असते. साहेबांनी अहवालातल्या चुका दाखवल्या, तर ते बिलिटल करणं नव्हे.

६. हसून केलेला अपमान

सर्वांत सोपं ‘मेक फन ऑफ’, म्हणजे टिंगल करणं. मुलं शाळेत हेच वापरतात. ‘टीज’ म्हणजे चिडवणं. त्यात मायाही असू शकते. पण आपल्याकडच्या वर्तमानपत्री इंग्रजीतला ‘ईव्ह-टीजिंग’ टाळा. रस्त्यावर मुलीला त्रास देणं हे चिडवणं नाही. ‘सेक्शुअल हॅरासमेंट’ असं सरळ लिहा.

‘मॉक’ म्हणजे नक्कल करून किंवा वेडावून खिल्ली उडवणं. ‘मॉक टेस्ट’मधला ‘मॉक’ विशेषण आहे, खोटा-सरावाचा या अर्थी. ‘रिडिक्यूल’ म्हणजे टर उडवून एखाद्याला हास्यास्पद ठरवणं, जोर ‘रि’वर. ‘डिराइड’ त्याहून पुस्तकी, तुच्छतेने केलेला उपहास. या दोन्हींच्या मुळाशी हसण्याचाच लॅटिन धातू आहे.

‘स्नीअर’ चेहऱ्यावर दिसतो: ओठ वाकडा करून कुत्सित हसणं. ‘स्कॉफ’ म्हणजे ‘हं, म्हणे!’ असं करून कल्पना उडवून लावणं. दोघांनाही पुढे ‘ॲट’ लागतो.

टोमण्याचं काय? शब्दकोश ‘टॉन्ट’ देतो, आणि आपण ‘टाँट मारला’ म्हणतो. पण इंग्रजी टॉन्ट उघड आणि डिवचणारा असतो, मैदानात प्रतिस्पर्ध्याला चिडवतात तसा. आपला टोमणा आडून येतो; लेकी बोले सुने लागे. त्याला ‘स्नाइड रिमार्क’ म्हणा, किंवा ‘ही टुक अ डिग ॲट मी’ अशी रचना घ्या.

७. काम, मत आणि दुःख लहान करणं

‘डिसमिस’ म्हणजे मराठीत बडतर्फ. इंग्रजीत मताला, शंकेला, वेदनेलाही डिसमिस करतात, म्हणजे विचारही न करता बाजूला सारतात. ‘द डॉक्टर डिसमिस्ड माय पेन’ याचा बडतर्फीशी काही संबंध नाही. ‘ब्रश ऑफ’ म्हणजे झटकून टाकणं, बोळवण करणं. ‘लाफ ऑफ’ तर हुबेहूब आपलं ‘हसण्यावारी नेणं’.

‘प्ले डाउन’ म्हणजे महत्त्व कमी करून दाखवणं. याचं कर्म नेहमी गोष्ट असते, माणूस नाही. ‘ट्रिव्हियलाइझ’ म्हणजे गंभीर विषयाला किरकोळ करून टाकणं.

‘अंडरमाइन’ वेगळ्या जातीचा आहे. किल्ल्याच्या भिंतीखाली खणून ती पाडायची, तिथून आला. मराठीत सुरुंग लावणं. तुमच्या हाताखालच्यांना परस्पर वेगळ्या सूचना देणं, तुमचा निर्णय सर्वांसमोर फिरवणं, यात अपमानाचा एकही शब्द नसतो, पण अधिकार पोकळ होतो. ऑफिसच्या बऱ्याच तक्रारींत ‘इन्सल्ट’पेक्षा हाच शब्द खरा असतो.

अबोल्याने केलेल्या अपमानाला ‘स्नब’: समोर असून ओळख न दाखवणं, मुद्दाम न बोलावणं. मान न राखल्याची सल सांगायला ‘आय फेल्ट स्लाइटेड’.

८. शब्दयोगींचे सापळे

- ‘माझ्यावर हसले’ म्हणून ‘लाफ्ड ऑन मी’ लिहू नका. ‘लाफ्ड ॲट मी’.
- मॉक, रिडिक्यूल, बिलिटल, इन्सल्ट यांच्यापुढे शब्दयोगी नाही. ‘मॉक्ड ॲट मी’ आजच्या इंग्रजीत चूक धरतात.
- कर्म सर्वनाम असेल तर ‘पुट डाउन’ फोडावा लागतो: ‘पुट हर डाउन’. ‘पुट डाउन हर’ नाही.
- ‘लुक डाउन ऑन’ फुटत नाही, आणि कर्मणी प्रयोगातही ‘ऑन’ राहतो: ‘आय वॉज लुक्ड डाउन ऑन’.
- ‘आय वॉज ह्युमिलिएटिंग’ म्हणजे मीच अपमान करत होतो. सोसणाऱ्याला ‘ह्युमिलिएटेड’.

९. तक्रार लिहिताना

क्रियापद एकदाच, सुरुवातीला. पुढे पुरावा. अर्जात हे हवं:

- तारीख, वेळ, जागा
- हजर असलेल्यांची नावं
- उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत, आणि खाली त्यांचं इंग्रजी
- ईमेल, मेसेजचे स्क्रीनशॉट
- त्याचा कामावर किंवा तब्येतीवर झालेला परिणाम

शिवी किंवा जातिवाचक शब्द मराठीत उच्चारला गेला असेल, तर त्याचं सौम्य इंग्रजी करून मूळ शब्द गाळू नका. तोच पुरावा असतो.

कायद्यात क्रियापदं तोलून घातलेली असतात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ३(१)(आर) मध्ये ‘इन्सल्ट’ आणि ‘इंटिमिडेट’ ही कृत्यं आहेत, ‘ह्युमिलिएट’ हा हेतू आहे, आणि घटना लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी झालेली असावी लागते. नुसतं ‘ही मॉक्ड मी’ लिहिलं तर हेतूही निसटतो आणि जागाही. पोलिसांकडे महाराष्ट्रात तक्रार मराठीत देता येते. तिथे इंग्रजीचा अट्टहास करू नका.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, छळाशी जोडून आलेली ‘ह्युमिलिएटिंग ट्रीटमेंट’, जी तिच्या आरोग्यावर वा सुरक्षिततेवर परिणाम करू शकते, तीही मोजली जाते. तिथे परिणामाची ओळ विसरू नका. लेखी तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिने.

१०. सराव

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा.

- ती जावेच्या स्वयंपाकाला सगळीकडे नावं ठेवते. — शी रन्स डाउन हर सिस्टर-इन-लॉज कुकिंग.
- लग्नात त्यांनी ओळखही दाखवली नाही. — दे स्नब्ड अस ॲट द वेडिंग.
- माझी तक्रार त्यांनी हसण्यावारी नेली. — दे लाफ्ड ऑफ माय कम्प्लेंट.
- नवे सर आमच्याशी बालवाडीतल्या मुलांसारखं बोलतात. — द न्यू टीचर टॉक्स डाउन टु अस.
- ‘मी काही विशेष केलं नाही हो’, असं ती नेहमी म्हणते.

शेवटचं अवघड आहे. विनयाने म्हणत असेल तर ‘शी प्लेज डाउन हर वर्क’. मनापासून स्वतःला कमी समजत असेल तर ‘शी बिलिटल्स हरसेल्फ’. मराठीत आपण पहिलं करतो आणि ते शोभतं. पण इंग्रजी मुलाखतीत समोरचा ते दुसरं समजून बसतो, तेव्हा तिथे काय केलंत ते आकड्यांसह सांगा.